कापडाच्या प्रोसेस हाऊसला सोलर बसवताना आधी बॉयलरचा हिशोब मांडा

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत.

तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे. तारापूर एमआयडीसीत तुमचे निटेड कापड रंगवण्याचे प्रोसेस हाऊस आहे. महिन्याला साधारण १ लाख युनिट वीज आणि बॉयलर व थर्मोपॅक (तेल तापवणारी भट्टी) मिळून १५० टन कोळसा लागतो. तुम्ही ज्या गारमेंट कंपनीला माल देता तिच्या परदेशी ग्राहकाने कार्बन उत्सर्जन ३० टक्के कमी करा असे कळवले आहे. एका सोलर कंपनीने छपरावर २०० किलोवॉटचा प्रकल्प सुचवला असून ‘हे बसवले की तुमचा प्रश्न मिटला’ असे सांगितले आहे. ते घ्यावे का?

प्रकल्प घेण्यासारखा आहे, पण त्याने ३० टक्क्यांचा प्रश्न मिटणार नाही. का, ते तुमच्याच आकड्यांवरून पाहू.

आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते आणि तो थोडा वरखाली होत असतो. तुमची वर्षाची १२ लाख युनिटे म्हणजे सुमारे ८४० टन. आता कोळसा. ४,२०० किलोकॅलरीच्या आसपासचा आयात कोळसा असेल, तर एक किलो जाळल्यावर अंदाजे १.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला १,८०० टन कोळसा म्हणजे सुमारे २,९७० टन. एकूण झाले ३,८१० टन, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग बॉयलर हाऊसच्या चिमणीतून जातो.

२०० किलोवॉटचे सोलर आपल्या किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते पावणेतीन लाख युनिटे देईल. २ लाख ७० हजार धरा. त्याने वाचतात १८९ टन, म्हणजे एकूण उत्सर्जनाच्या जेमतेम पाच टक्के. उद्या जादूने तुमची सगळीच्या सगळी वीज सूर्यापासून आली, तरी घट २२ टक्क्यांवर थांबते. ३० टक्के विजेतून गाठताच येत नाहीत. तुमच्या जागी गारमेंट शिवणारा किंवा फक्त माग चालवणारा असता, तर मी वेगळे सांगितले असते. त्याचा बहुतेक कार्बन विजेतच असतो आणि त्याला सोलर हेच पहिले पाऊल. रंगाई करणाऱ्याचा कार्बन वाफेत असतो. विकणारा हा फरक सांगत नाही, म्हणून तो तुम्हाला माहीत हवा.

त्याआधी एक काम करा. ग्राहकाला ३० टक्के म्हणजे नेमके काय हवे ते लेखी विचारा. कोणत्या वर्षाच्या तुलनेत? कोणत्या वर्षापर्यंत? एकूण टनांत की किलो कापडामागे? यावर बरेच काही ठरते. धंदा वाढत असेल तर किलोमागचा आकडा कमी होऊनही एकूण टन वाढू शकतात. काही ग्राहकांना प्रत्यक्षात कोळसा बंद झालेला हवा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०१८ मध्ये फॅशन उद्योगाची जी हवामान सनद झाली, तिच्यावर सही केलेल्या ब्रँडांनी आपल्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या (कपडे शिवणाऱ्या आणि कापड तयार करणाऱ्या) पुरवठादारांकडून २०३० पर्यंत कोळसा हटवण्याचे मान्य केले आहे. तुमचा अंतिम ग्राहक त्यांपैकी असेल, तर छपरावरचे पॅनेल पाहून तो खूश होईल आणि पुढच्या भेटीत कोळशाचाच प्रश्न विचारेल. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराची भीती कोणी घातली असेल तर तूर्त ती बाजूला ठेवा. सध्या त्या यादीत लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज आहे, कापड नाही.

आता माझ्या कामातला क्रम सांगतो. मी सोलरच्या कामासाठी बोलावलेला असलो तरी आधी बॉयलर हाऊसमध्ये जातो आणि फीड वॉटरच्या टाकीवर हात ठेवतो. ती कोमट किंवा गार लागली, तर त्या कारखान्यातली सगळ्यात स्वस्त बचत तिथे आहे. बॉयलरला जाणारे पाणी दर ६ अंशांनी गरम केले की साधारण एक टक्का इंधन वाचते. ३५ अंशांचे पाणी ८० वर नेले तर साडेसात टक्के. तुमचा सगळा कोळसा बॉयलरचाच धरला तर ते होतात वर्षाला १३५ टन कोळसा आणि सुमारे २२० टन कार्बन डायऑक्साइड; थर्मोपॅकला फीड वॉटर लागत नाही, म्हणून त्याच्या कोळशाच्या वाट्याइतका हा आकडा कमी होईल. म्हणजे २०० किलोवॉटच्या सोलरच्या जवळपास, आणि खर्च त्याच्या मानाने किरकोळ.

ही उष्णता आणायची कुठून? तुमच्याच गटारातून. सॉफ्ट फ्लो या रंगाईच्या मशीनमध्ये वाफ कॉइलमधून जाते आणि तिचे जे पाणी होते, ते स्वच्छ आणि गरम कंडेन्सेट असते. बऱ्याच प्रोसेस हाऊसमध्ये ते सरळ ड्रेनला सोडलेले दिसते. कारण विचारले की सांगतात, कॉइल कधी गळली तर रंग बॉयलरमध्ये जाईल. भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. कंडेन्सेटच्या लाइनवर कंडक्टिव्हिटीचा सेन्सर आणि तीन तोंडी व्हॉल्व्ह बसवा. पाणी बिघडले की ते आपोआप ड्रेनकडे वळते. दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. फीड टाकीतले पाणी ८० अंशांवर गेले की पंपाच्या तोंडाशीच त्याची वाफ होऊ लागते आणि पंप खडखडतो. मग ऑपरेटर वैतागून पुन्हा गार पाणी सोडतो आणि सगळी योजना महिन्याभरात बंद पडते. टाकी आधीच पुरेशी उंच बसवली तर हे होत नाही.

रंगाईनंतरचे ८०-९० अंशांचे पाणीही तसेच वाया जाते. त्यातून हीट एक्स्चेंजरने पुढच्या बॅचचे पाणी तापवता येते. मात्र त्याच्याआधी स्वतः साफ होणारी लिंटची जाळी हवीच. निटेड कापडाचा तंतू इतका सुटतो की बिनजाळीचा प्लेट एक्स्चेंजर आठवड्यात तुंबतो. यात आणखी एक फायदा आहे: सांडपाणी थंड होऊन ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, गेले की तिथले जिवाणू नीट काम करतात.

मग स्टेंटर, म्हणजे कापड ताणून सुकवणारे यंत्र. कापडातले एक किलो पाणी नुसते वाफ करून उडवायला ५४० किलोकॅलरी लागतात, प्रत्यक्षात स्टेंटरमध्ये त्याहून बऱ्याच जास्त. तेच पाणी पिळून काढायला नगण्य वीज लागते. त्यामुळे स्टेंटरच्या तोंडाशी येणाऱ्या कापडात किती ओल आहे हे मोजा. स्क्वीझरच्या रोलरचे रबर झिजले असेल तर ते बदलणे हासुद्धा कार्बन कमी करण्याचाच खर्च आहे. स्टीम ट्रॅप, उघड्या फ्लँज, पाइपवरचे निघून गेलेले लॅगिंग (उष्णतारोधक आवरण), चिमणीच्या वायूचे तापमान यांवर मी वेगळे लिहीत नाही. चिमणीचे तापमान २२ अंशांनी उतरवले की सुमारे एक टक्का इंधन वाचते, एवढे लक्षात ठेवा. ही सगळी कामे मनापासून केली तर आणखी सात-आठ टक्के कोळसा वाचणे अवघड नाही. तुमच्या यंत्रांचे वय माहीत नसल्यामुळे नेमका आकडा मी इथून सांगणार नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने प्रमाणित केलेला ऊर्जा लेखापरीक्षक बोलावून मोजून घ्या.

आता बेरीज करू. सोलरचे १८९ टन, फीड वॉटरचे जास्तीत जास्त २२०, इतर वाफबचतीचे अजून अंदाजे २२०. झाले फार तर ६३० टन, म्हणजे साडेसोळा टक्के. तीस टक्क्यांना ११४३ टन हवेत. उरलेले पाचशेच्या वरचे टन इंधन बदलूनच मिळतील. शिल्लक कोळशाचा किमान पाचवा भाग शेतीच्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेटवर (दाबून केलेल्या कांड्यांवर) नेला तर हिशोब जुळतो. अशा इंधनाचा कार्बन वेगळा नोंदवतात, जीवाश्म इंधनात धरत नाहीत.

पण ब्रिकेट कोकणात वापरायची म्हणजे पावसाची तयारी आधी करावी लागते. जून ते सप्टेंबर इथल्या हवेतच एवढी ओल असते की उघड्यावर किंवा गळक्या शेडमध्ये ठेवलेली ब्रिकेट भुसा होऊन पसरते. बंद, उंच जोत्याची शेड आणि किमान पंधरवड्याचा कोरडा साठा नसेल तर जुलैमध्ये तुम्ही पुन्हा पूर्ण कोळशावर याल. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात काजूची टरफले स्वस्त मिळतात म्हणून काही जण ती आणतात. तेल न काढलेली टरफले जाळू नका. त्या तेलाचा धूर त्रासदायक असतो आणि नळ्यांवर चिकट थर बसतो. तेल काढून उरलेली पेंड चालते, तीही बॉयलर बनवणाऱ्याला विचारून. इंधन बदलण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तशी दुरुस्ती करून घ्या. गॅसची पाइपलाइन तुमच्या प्लॉटपर्यंत आली असेल तर तेवढ्याच उष्णतेला कोळशाच्या साधारण साठ टक्के कार्बन निघतो. दर परवडतो का, हे तुमच्या मालाच्या भावावर ठरेल.

सोलर वॉटर हीटर लावावा का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. कंडेन्सेट आणि गरम सांडपाण्याची उष्णता परत घेतलीत तर त्या हीटरला करायला काम फारसे उरत नाही. आणि स्टेंटरला लागणारे २०० अंशांच्या वरचे तेल छपरावरच्या नळ्यांतून मिळत नाही. म्हणून तुमच्याकडे मी छपराची जागा वीज बनवणाऱ्या पॅनेलांसाठीच राखली असती.

एवढे झाल्यावर छपराकडे येऊ. २०० किलोवॉट हा आकार तुमच्या वापराला बसतो. तिन्ही पाळ्या चालू असताना तुमचा सरासरी भार १६० किलोवॉटच्या आसपास असणार आणि २०० किलोवॉटची पॅनेले भर दुपारी साधारण तेवढेच देतात. त्यामुळे कामाच्या दिवशी जवळजवळ सगळी वीज आतच वापरली जाईल. जास्तीची बाहेर जाईल ती साप्ताहिक सुटीला, गणपतीत आणि शिमग्यात. शिमग्याला तळकोकणातले कामगार गावी जातात, कारखाना अर्धा बंद असतो आणि नेमके तेव्हाच मार्चचे ऊन कडक असते. म्हणून नेट मीटरिंग घ्याच. बाहेर दिलेली युनिटे कोणत्या वेळच्या वापराशी वळती होतात, हे महावितरणच्या चालू नियमांत तपासा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या सौर तासांतली वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग अशी वेळनिहाय दरांची दिशा ठरवून दिली आहे. त्यामुळे बचत मोजताना बिलाचा सरासरी दर धरू नका. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात तुम्हाला युनिट कितीला पडते, तोच आकडा धरा. बहुतेक कोटेशनांमध्ये परतफेडीचा काळ इथेच कमी दाखवलेला असतो. मोठ्या छपरावरचे काम सध्या साधारण किलोवॉटला ४० ते ५० हजारांत होते. दिवसाचे युनिट ८ रुपयांना पडत असेल तर वर्षाला २१-२२ लाख वाचतात आणि चार-पाच वर्षांत पैसे निघतात. ६ रुपयांना पडत असेल तर काळ तेवढा लांबतो.

कोटेशनमध्ये ‘रोज किलोवॉटला साडेचार युनिट’ असे सरसकट लिहिले असेल तर महिनावार तक्ता मागा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टचे उत्पादन एप्रिल-मेच्या निम्म्यावर येते. सोलापूर-लातूरचे आकडे कोकणात लावून चालत नाही. तो तक्ता करारात घ्या, आणि कमी भरल्यास भरपाई किती हेही लिहून घ्या.

तुमचे कनेक्शन एचटी (उच्च दाबाचे) असणार. तिथे एक गोष्ट सोलरवाले क्वचितच सांगतात. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामाची आणि रिॲक्टिव्ह वीज एकत्र मोजून, बिल लागते. समजा भार १६० किलोवॉट आहे आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.९८. दुपारी सोलरने १३० किलोवॉट दिले की ग्रिडकडून फक्त ३० किलोवॉट येतात, पण मोटारींना लागणारी रिॲक्टिव्ह वीज पूर्वीइतकीच ग्रिडमधून येते. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.७ च्या खाली जातो आणि वाचवलेल्या पैशांचा काही भाग परत जातो. एपीएफसी पॅनेलमध्ये (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) लहान टप्प्यांचे कपॅसिटर घाला, त्याची सीटी (प्रवाह मोजणारे उपकरण) योग्य जागी आहे का ते पाहा, आणि इन्व्हर्टरकडून रिॲक्टिव्ह पुरवठा घेता येतो का ते विचारा. तसेच सोलर बसले म्हणून कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारातली कमाल मागणी) कमी करू नका. तुमची सर्वोच्च मागणी पावसाळ्यातल्या एखाद्या अंधाऱ्या दुपारी किंवा संध्याकाळी येईल, आणि तेव्हा छपरावरून काहीच मिळणार नाही. जनरेटरसोबत सोलर चालणार असेल तर जनरेटरवर किमान तीस टक्के भार राहील असा कंट्रोलर हवा.

छप्पर आणि हवामानावर मी जरा थांबणार आहे, कारण किनारपट्टीवरचे प्रकल्प इथे फसलेले मी पाहिले आहेत. शेड जुनी आणि पत्रे सिमेंटचे असतील तर पॅनेल त्यांच्यावर नको. आधी पत्रे बदला. लोखंडी कैच्या गंजल्या आहेत का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशोब लेखी मागा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पत्र्यांचे काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. स्टँडिंग सीमचा (उभ्या दुमडीच्या जोडाचा) पत्रा असेल तर क्लॅम्प वापरा, म्हणजे भोके पडत नाहीत. स्क्रू मारावेच लागले तर प्रत्येक जागी ईपीडीएम रबराची पट्टी आणि सीलंट हवे. रंगवलेल्या कापडावर छपरातून एक थेंब पडला तरी तो पूर्ण ताका नाकारला जातो.

खाऱ्या हवेसाठी पॅनेलला आयईसी ६१७०१ या क्षारधुक्याच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागा. नटबोल्ट एसएस ३१६ चे घ्या, ३०४ चे समुद्राजवळ तांबूस पडू लागतात. लोखंडी भाग हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेले हवेत. साइटवर कापून किंवा भोक पाडून नुसता चंदेरी रंग मारू देऊ नका. इन्व्हर्टर आणि डीसी बॉक्स जमिनीलगत नकोत. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणमध्ये पाणी किती चढले हे आठवा, आणि तुमच्या प्लॉटवरच्या जुन्या माणसांना विचारून त्या पातळीच्या वर ते बसवा.

प्रोसेस हाऊसची स्वतःची एक अडचण आहे. स्टेंटरच्या धुरात निटिंग ऑइलची वाफ आणि बारीक तंतू असतात, बॉयलरच्या चिमणीतून राख उडते. हे तिन्ही मिळून काचेवर असा थर धरतात की पहिला पाऊसही तो धुऊन काढत नाही. वारा बहुतेक कुठून येतो ते पाहून पॅनेले चिमणी आणि स्टेंटरच्या धुराड्यांपासून लांब मांडा, आणि धुण्याला मऊ पाणी व साधा डिटर्जंट ठेवा. पावसाळ्यात पॅनेलच्या खालच्या चौकटीला शेवाळ धरते, तेही हाताने काढावे लागते. छपरावर चालायची वाट आणि पाण्याची लाइन पहिल्याच आराखड्यात घ्या.

पैशांबद्दल दोन गोष्टी. घरांसाठीचे सूर्यघर अनुदान कारखान्याला मिळत नाही, कोणी तसे सांगत असेल तर सावध व्हा. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात तुमच्या विभागाला काय लागू होते, हे वस्त्रोद्योग विभागाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. आणि प्रकल्प दुसऱ्याच्या पैशाने, युनिटमागे दर देऊन बसवणार असाल तर करारात हरित गुण (वीज सौर असल्याचे प्रमाणपत्र) तुमच्याच नावावर राहील असे स्पष्ट लिहा. त्याने ते प्रमाणपत्र दुसरीकडे विकले तर ग्राहकाला ती घट तुमची म्हणून दाखवता येणार नाही.

छप्पर भरल्यावर उरलेल्या विजेसाठी घाटावरच्या एखाद्या सौर प्रकल्पात सामूहिक कॅप्टिव्ह (काही ग्राहकांचा मिळून स्वतःच्या वापराचा प्रकल्प) म्हणून भाग घेता येतो. २०२२ च्या नियमांनी हरित ओपन ॲक्सेसची (दुसरीकडून हरित वीज थेट घेण्याच्या मुभेची) मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे तुमच्याएवढ्या ग्राहकालाही दार उघडे आहे. कॅप्टिव्ह ठरायला वापरणाऱ्यांकडे मिळून २६ टक्के भागभांडवल आणि ५१ टक्के वापर लागतो. व्हीलिंग आणि ट्रान्समिशन (वीज वाहून आणण्याचे शुल्क) व गळती धरून दर हातात किती पडतो, ते पाहूनच सही करा. हे दुसऱ्या वर्षी केले तरी चालेल.

वेळेचे गणित असे. वाफेची कामे पावसाळ्यातही होतात, ती आत्ताच सुरू करा. छपराचे काम ऑक्टोबरनंतरच हाती घ्या. ओल्या पत्र्यावर माणसे चढवू नका. त्यात आयकराचा एक मुद्दा आहे. सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. तुमचे काम डिसेंबर-जानेवारीत पूर्ण होणार असेल तर यंदा २० टक्के घेऊन बाकी पुढे न्यायचे, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चालू करून पूर्ण ४० टक्के घ्यायचे, हे तुमच्या नफ्यावर ठरेल. थांबलात तर उन्हाळ्याआधीच्या दोन-तीन चांगल्या महिन्यांची वीज जाते. सीएला दोन्ही हिशोब मांडायला सांगा. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले, कोळशाची पावती-नोंद आणि फीड टाकीचे दिवसातून तीनदा घेतलेले तापमान इथे टाकलेत, तर कुठून सुरुवात करायची ते मी जास्त नेमके सांगू शकेन.